आकाराम गवंड्यानं पाडलेली भिंत

आकाराम चौगुले कुठल्याही घरात गेला की आधी भिंतीकडं बघतो. एक डोळा मिटून, मान जरा तिरकी करून, वरपासून खालपर्यंत. लग्नघर असो, दवाखाना असो, नाहीतर मयताचं घर असो. मग त्याची बायको चिमणाबाई त्याच्या बरगडीत कोपर घालते आणि दबक्या आवाजात म्हणते, "अवं, माणूस गेलंय हितलं. भिंत काय पळून जात न्हाय."

वय बासष्ट. त्यातली सेहेचाळीस वर्षं हातात थापी. कागलच्या खालच्या अंगाला त्याचं गाव, आणि त्या गावात शिरलात तर दर तिसरं घर त्याच्या हातचं. दूध डेअरी त्यानं बांधली, तालीम त्यानं बांधली, मशिदीचा ओटा त्यानं बांधला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंपाउंडची जी लांबच लांब भिंत रस्त्याला समांतर पळते, तिच्यातला निम्मा पल्ला त्याचा. वीसेक वर्षांपूर्वीच्या महापुरात त्यानं बांधलेल्या एका घरात आठ दिवस पाणी उभं होतं. पाणी उतरल्यावर चौकटी फुगल्या, फरशी उखडली, भिंत आहे तिथंच होती. तेव्हापासून आकारामाच्या बोलण्यात एक वाक्य कायमचं येऊन बसलं. "माझ्या हातची भिंत पाडायची येळ आजवर आली न्हाय." हे वाक्य तो डेअरीच्या रांगेत म्हणायचा, सलूनमध्ये म्हणायचा, सोयऱ्यांच्या पंगतीत म्हणायचा. ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं, पण खोटं म्हणायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला. पोरगा म्हणाला, आता बसा. आकाराम बसला. बसून दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवू लागला. चिमणाबाईनं आयुष्यभर त्याच्या हाताखाली पाट्या वाहिल्या होत्या, तिला तो घरात बसलेला परवडेना. कामावर निदान परांचीवर तरी असायचा, आता दिवसभर पायात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोहिदचा फोन आला. तोहिद मुल्लाणी सेंटरिंगवाला. पंचवीस वर्षं भिंती आकारामाच्या आणि त्यावरचा स्लॅब तोहिदचा, असा दोघांचा जोड.

"मामा, रिकामंच हायसा न्हवं?"

"रिकामा कोण म्हणतंय? गुडघं शेकतोय."

"कोल्हापुरात आमची हुस्ना ज्या शाळंत हाय तितं दोन खोल्या बांधायच्या हायत. गवंडी पायजे. हजेरी न्हाय. जेवाण हाय."

"जेवाण काय?"

"आमटी-भात."

"मटण असंल तर सांग."

"रविवारी बघू की. या तर खरं."

हुस्ना म्हणजे तोहिदची पुतणी, नववीला होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिची शाळा कोल्हापूरच्या दक्षिण अंगाला माळावर. आकारामानं स्कूटर पुसली. चिमणाबाई पिशवी घेऊन मागं उभी.

"तू कुठं?"

"मी बी येतो. तुम्ही एकटं जाऊन लोकांच्या पोरांस्नी शिव्या देणार. आणि माल तुमच्या मनासारखा दुसऱ्या कुणाला कालवता येतोय?"

शाळेच्या फाटकात एक तरुण बाई भेटली. स्नेहल नाव. तिचे आई-वडील दोघं बहिरे, त्यामुळं खुणांची भाषा ती बोबड्या बोलांच्या आधी शिकलेली. शाळेत शिकवायची आणि ऐकणारे आणि न ऐकणारे यांच्या मधला पूलही तीच. आकाराम म्हणाला, "मुक्या-बहिऱ्यांची शाळा हीच का?"

"मुकं इथं कोण न्हाय मामा," स्नेहल म्हणाली. "ऐकू येत न्हाय एवढंच. बोलत्यात किती ते बघा आता."

कामावरची माणसं बघून आकाराम चक्रावला. परदेशातनं अकरा जण आले होते, सहा आठवडे फुकट राबायला, स्वतःच्या खर्चानं. त्यांत गोरे होते, दोन काळ्याभोर उंच केनियाच्या पोरी होत्या, एक जपानी होता. अकरातल्या चौघांना ऐकू येत नव्हतं. इचलकरंजीच्या मागावरची बिहारी माणसं सुट्टीच्या वारी यायची. सळई बांधायला निपाणीच्या पलीकडचा बसप्पा, तो कानडी. आणि या सगळ्यांच्या वर आता आकाराम, ज्याला मराठी सोडून एकच भाषा येत होती, ती म्हणजे मोठ्या आवाजातली मराठी.

पहिला दिवस बघण्यासारखा झाला. आकाराम परांचीवरनं ओरडला, "माल पातळ झालाय गा." केनियाच्या पोरीनं हसून त्याला प्यायला पाणी आणून दिलं. बिहारी गडी सिमेंटच्या मालाला मसाला म्हणायचा. तो म्हणाला, "चाची, मसाला कम है," तशी चिमणाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "दुपारच्या आमटीत मी सोता टाकलाय. कमी कसा?" बसप्पा मधे पडून दोघांना कानडीत समजावू लागला, त्यानं गुंता आणखी वाढला.

तिकडं लिंबाखाली वेगळाच प्रकार. डेन्मार्कचा नील्स म्हणून साठीचा सुतार होता, जन्माचा बहिरा. त्याच्या देशातल्या खुणा वेगळ्या, इथल्या वेगळ्या. पण तासाभरात तो आणि सुट्टीतही वसतिगृहातच राहिलेली पोरं अशी गप्पांना बसली होती की जणू मामाच्या गावाला आलाय. हात चालले होते, भुवया चालल्या होत्या, मधेच सगळी खो-खो हसत होती.

आकारामानं थापी थांबवली. "तोहिद, हे बघ. ऐकणारी आपण सगळी मुकी झालोय, आणि ही बिनऐकणारी बोलत बसल्यात."

चार दिवसांत त्याचं ओरडणं कमी झालं. दुसरा इलाजच नव्हता. तो परांचीच्या फळीवर पाय आपटायला शिकला, फळी हादरली की खालचा वर बघतो. लांबच्याला मालाचा बारकासा गोळा मारायला शिकला. तसा एक गोळा चिमणाबाईच्या पाठीत बसला तेव्हा ती म्हणाली, "मला ऐकू येतंय. हाक मारा."

पोरांनी दोघांना नावंही ठेवली, त्यांच्या रीतीची, हातानं म्हणायची. आकारामाचं नाव म्हणजे एक डोळा मिटायचा आणि चिमटीतनं ओळंबा सोडल्यासारखा हात खाली न्यायचा. चिमणाबाईचं नाव म्हणजे एक हात डोक्यावरच्या पाटीला आणि दुसरा हात तोंडापाशी अखंड चालू. हुस्नानं ते करून दाखवलं तेव्हा आकाराम इतका हसला की परांचीवरनं उतरावं लागलं.

काम मात्र दृष्ट लागण्यासारखं उठत होतं. माळावर एकमेकींपासून सुट्या दोन खोल्या, दोघींना पूर्वेला व्हरांडा आणि दार, फळा पश्चिमेच्या भिंतीला. नकाशा विश्वजित नावाच्या तरुण इंजिनिअरनं फुकटात काढून दिलेला. त्या नकाशात खिडक्या उत्तरेला दाखवल्या होत्या. आकारामानं दुपारी दोन वाजता चौथऱ्यावर उभं राहून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि नाक मुरडलं. गवंडी नुसत्या भिंती बांधत नाही, वाराही बांधतो, अशी त्याची समजूत. माळावर वारं पश्चिमेचं. उत्तरेला खिडकी ठेवून काय पोरं उकडायची आहेत? त्यानं फोन लावला.

"इंजिनिअर, खिडक्या पश्चिमेला घेतो. फळ्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक. मोठ्या. उत्तरेची भिंत सलग चढवतो. उकडत बसायचं न्हाय, पोरांस्नी वारं लागू दे."

विश्वजित दुसऱ्या कामावर होता, मागं मिक्सर घरघरत होता. "मामा, तुम्ही म्हणताय तर चालतंय की."

नकाशात खिडक्या उत्तरेला का होत्या, हे विश्वजित विसरला होता. सहा महिन्यांपूर्वी शाळेच्या संयोगिताबाईंनी त्याच्याशेजारी बसून त्या तिथं काढायला लावल्या होत्या. पण संयोगिताबाई तीन आठवडे प्रशिक्षणाला इंदूरला गेल्या होत्या, आणि तोवर भिंती लिंटेलला, दारा-खिडक्यांच्या डोक्याला आल्या.

संयोगिताबाई याच शाळेत शिकल्या, पुढं पदवी घेऊन याच शाळेत बाई झाल्या. दोन वर्षांच्या असताना तापात ऐकू येणं गेलं. वय पस्तीसच्या आसपास, चेहरा कायम कामात असल्यासारखा. परत आल्या त्या दिवशी दुपारी चार वाजता त्या पहिल्या खोलीत गेल्या आणि उन्हासाठी ताणलेल्या ताडपत्रीखाली मधोमध उभ्या राहिल्या. आकाराम दारातच होता. कौतुकाची वाट बघत होता म्हणा ना. बाई कौतुक करेनात. त्यांनी जुन्या वर्गातनं एक बेंच आणवला, खोलीच्या मध्यावर ठेवला, आणि आकारामाला हातानं खूण केली. बसा.

तो बसला. गुडघे हनुवटीला आले. बाई फळ्याच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि हातांनी बोलू लागल्या.

आकारामाला काही दिसेना. म्हणजे बाई दिसत होत्या, पण काळ्या. चार वाजताचं ऊन पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांतनं थेट त्याच्या डोळ्यात येत होतं आणि त्या उजेडाच्या मधे बाईंची नुसती काळी आकृती हलत होती, जत्रेतल्या पडद्यामागच्या बाहुलीसारखी. तोंड कुठं, बोटं कुठं, काही कळत नव्हतं. त्याच्या डोळ्याला पाणी आलं. हात आडवा धरून त्यानं बघायचा प्रयत्न केला.

बाई थांबल्या. स्नेहल त्यांचं बोलणं तोंडानं सांगू लागली. "बाई विचारतायत, मी काय सांगितलं?"

"मला त्यांची भाषा कुठं येती?"

"भाषा नको. किती बोटं दाखवली तेवढं सांगा."

आकारामानं डोळे पुसले. मग खरं तेच म्हणाला. "दिसलं न्हाय."

"पोरांनाही दिसणार न्हाय," स्नेहल म्हणाली. "तुम्ही कानानं ऐकताय म्हणून अंधारात बी बोलता. ती डोळ्यानं ऐकत्यात."

तोहिद चौकटीला टेकून उभा होता. तो पुढं आला. "मग फळा दाराकडं फिरवूया की. बाईंनी तिकडं उभं राहायचं, पोरांची पाठ खिडकीला. उजेड बाईंच्या तोंडावर. भिंतीला हात लावायला नको."

आकारामाचा जीव भांड्यात पडला. बाईंनी मान हलवली, वाद घातला नाही. त्या दाराकडं जाऊन उभ्या राहिल्या आणि आकारामाला बेंच फिरवायला लावला. आता बाई लख्ख दिसत होत्या. गालावरचा तीळसुद्धा. त्यांनी त्याला खूण केली, तुम्ही काहीतरी सांगा. आकारामानं पोरांकडनं शिकलेली एकच खूण केली, एक डोळा मिटून ओळंबा. बाईंनी डोळे बारीक केले, पुढं वाकल्या, आणि हात पसरले. आता बाईंच्या नजरेला आकाराम काळा झाला होता.

"ही बोली दोन्हीकडनं बघायची असती," स्नेहल म्हणाली. "बाईंना पोरं दिसाय पायजेत, पोरांना एकमेकांची तोंडं. म्हणून ती अर्ध्या चंद्रासारखी गोल बसत्यात. उजेड बाजूनं यायला पायजे. उत्तरेनं."

उत्तरेनं. आणि उत्तरेची भिंत लिंटेलपर्यंत सलग उभी, दोन्ही खोल्यांची मिळून बेचाळीस फूट, ओळंब्यात केसाचा फरक नाही.

विश्वजित मोटरसायकलवरनं आला तोवर साडेपाच झाले होते. त्यानं सगळं ऐकलं, कपाळावर हात मारून घेतला, बाईंची दोनदा माफी मागितली आणि मग इंजिनिअरसारखा बोलू लागला. परदेशी पावण्यांना जायला नऊच दिवस उरलेले, त्यांची तिकिटं झालेली. जून तोंडावर. भिंत पाडायची, नवी बांधायची, मग स्लॅब, कसं जमणार? "पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदं लावू. आत ट्यूबा वाढवू. काम भागतंय."

स्नेहलनं ते बाईंना सांगितलं. बाईंनी थोडा वेळ खिडकीकडं बघितलं आणि मान डोलावली. चालेल.

आकारामानं ते 'चालेल' ओळखलं. सेहेचाळीस वर्षांत त्यानं ते शेकडो वेळा ऐकलं होतं. ठेकेदारानं घरमालकाला फसवून न्हाणी दोन फूट लहान केली की घरातली बाई असंच चालेल म्हणते. त्यानं विश्वजितकडं पाठ केली. स्नेहलला म्हणाला, "त्यांस्नी नीट विचार. पडद्यानं खरंच चालंल का?"

या वेळी बाईंचं उत्तर लांबलं. हात भराभर चालले. स्नेहल सांगत गेली. "जुन्या वर्गाला पडदंच हायत. लाईट असली की चालतं. माळावर लाईट एक दिवसाआड जाती. गेली की पडदं उघडायचं, मग ऊन डोळ्यात. नाय उघडलं तर अंधार. मग आम्ही गप्प बसतो. लाईट यायची वाट बघत. कोण काय सांगत होतं, ते तसंच ऱ्हातं."

एवढं सांगून स्नेहल थांबली. आकारामानं गमज्यानं तोंड पुसलं, थापी धुतली, आणि कुणाचा निरोप न घेता स्कूटरला किक मारली. चिमणाबाई धावत येऊन मागं बसली.

वाटेत गोकुळ शिरगाव लागलं. तिथं टपरीवर चहाला थांबले.

"नऊ दिवस हायत," तो म्हणाला.

"मला ठावं हाय."

"पडद्यानं भागतंय म्हणतोय इंजिनिअर."

"तुम्ही काय म्हणताय?"

आकाराम बशीत चहा ओतत राहिला. त्याला काय सलत होतं ते चिमणाबाईला ठाऊक होतं, आणि ती गोंजारणारी बाई नव्हे.

"गावात तोंड कसं दाखवायचं, हेच न्हवं?" ती म्हणाली. "वीस वर्षं आयकतोय मी, माझी भिंत पाडली न्हाय, माझी भिंत पाडली न्हाय. अवं, तुमच्या किती भिंतींच्या आत बसून बघितलंय तुम्ही? भायेरनं ओळंबा लावायचा आणि चालू पडायचं. आपल्या सैपाकघराची खिडकी कुणी काढली?"

"मी."

"कंच्या अंगाला?"

"वारं पश्चिमेचं—"

"वारं पश्चिमेचं हाय म्हणूनच चुलीचा धूर तीस वर्षं माझ्या डोळ्यात गेला. गॅस आला तवा सुटलो. किती येळा म्हणलं मी?"

"म्हणलं असशील."

"तुम्ही म्हणायचा, खिडकी बरोबर हाय, चूल चुकल्या."

टपरीवाला हसला. आकारामानं त्याच्याकडं असं बघितलं की तो पातेलं घासू लागला.

चहा संपला. मग चिमणाबाई पदर खोचत उठली. "त्या भिंतीला तुमच्या थापीबरोबर माझ्या पाट्या बी लागल्यात. मोजल्या असत्या तर हजार भरतील. मला काय त्या पाडायची हौस न्हाय. पण ती बाई चालेल म्हणली तवा तुमचं तोंड मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आकाराम उत्तरेच्या भिंतीवर होता. हातात हातोडा आणि छिन्नी. त्यानं घण घेतला नाही. घणानं भिंत पडते, पण विटाही मरतात. तो वरच्या थरापासून सुरू झाला, एकेक वीट सांध्यातनं सुटी करत. खाली चिमणाबाई ती झेलायची, चिकटलेला माल तासायची आणि रचायची. माल जुना झाला नव्हता, चारातल्या तीन विटा धडधाकट निघत होत्या. पहिली वीट सुटली तेव्हा तो काय म्हणाला, असं कुणी चिमणाबाईला विचारलं तर ती सरळ सांगते. म्हणते, शिव्या दिल्या. कुणाला? स्वतःलाच दिल्या असतील, दुसरं कोण होतं तिथं.

साडेसातला बसप्पा आला आणि सळ्यांची मोळी त्याच्या खांद्यावरनं खाली पडली. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं कुणाशी तरी भांडण झालं आणि रागानं भिंत पाडायला लागला. तो कानडीत कळवळून सांगू लागला, हात जोडू लागला. मग परदेशी पावणे आले, तेही भिंतीखाली गोळा होऊन वर बघू लागले. केनियाची पोर तर रडकुंडीला आली, त्या भिंतीतले तिच्या हातचे थर होते. समजावून कसं सांगायचं? तिथल्या भाषांतली एकही सगळ्यांना येत नव्हती, आणि स्नेहल यायला तास होता.

आकाराम खाली उतरला. बसप्पाच्या दंडाला धरून त्यानं त्याला खोलीत नेलं आणि बेंचवर बसवलं. सकाळी ऊन पश्चिमेला नव्हतं, पण खिडकीच्या उजेडापुढं माणूस काळा पडायचा तो पडतच होता. आकाराम फळ्याच्या जागी उभा राहिला, हात हलवले, आणि मग आपल्या डोळ्यांकडं बोट दाखवून नकाराची मान हलवली. बसप्पा बघत राहिला. मग उठला, बाहेर गेला, आणि विटा वाहू लागला. त्यानंतर केनियाची पोर बसली. मग जपानी. एकेक करून सगळे त्या लहान बेंचवर बसून उठले, आणि उठणारा प्रत्येक जण भिंतीकडं गेला.

नील्स शेवटी आला. तो बसलाच नाही. आकारामासमोर उभा राहून त्यानं तोंडापुढं पंजा धरला, बोटं पसरली आणि डोळे किलकिले केले. आकारामाला आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी, पश्चिमेच्या खिडक्या उठत होत्या तेव्हा, हा गडी असाच तोंडापुढं पंजा धरून काहीतरी सांगत होता. दोनदा आला होता. आकारामाला वाटलं, गोऱ्याला ऊन लागलं. त्यानं आपला गमजा त्याच्या डोक्याला गुंडाळला, सावलीत नेऊन बसवलं आणि ताक पाजलं होतं.

आकारामानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

नील्सला ते कळेना. कान कशाला धरतोय हा, बहिऱ्यांच्या शाळेत? पण व्हरांड्यातली पोरं हसून लोळायला लागली, आणि हुस्नानं पुढं येऊन हातांनी नील्सला सांगितलं की आमच्याकडं चूक कबूल केली की असं करतात. नील्सनं गंभीरपणे स्वतःचे कान धरले. आपणही दोनदाच सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं पडलं म्हणे.

संयोगिताबाई नऊला आल्या. भिंत तोवर छातीइतकी खाली आली होती. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्या विटांच्या ढिगापाशी आल्या. मग पर्स बाकड्यावर ठेवली, पदर खोचला आणि चिमणाबाईसमोर बसून विटा तासायला लागल्या. चिमणाबाईनं त्यांच्या हातातली वीट काढून घेतली, कशी धरायची ते दाखवलं आणि परत दिली. दोघी दुपारपर्यंत तशाच बसल्या. चिमणाबाई सारखी बोलत होती. बाईंना ऐकू येत नाही हे तिच्या ध्यानात होतं की नव्हतं, देव जाणे, पण बाई मधेच मान डोलावायच्या.

पाडणं दोन दिवसांत झालं. बांधणं अवघड गेलं. आकारामाचे गुडघे सुजले, तोहिदनं त्याच्यासाठी परांचीवर फळीचा चौरंग ठोकून दिला, त्यावर बसून तो थर लावायचा. उत्तरेला लांबलचक खिडक्या, खालच्या सिलपासून वरच्या लिंटेलपर्यंत, पोरं बसली तरी उजेड खांद्यावरनं यावा अशा उंचीच्या. ही उंची त्यानं नकाशातनं घेतली नाही. हुस्नाला आणि आणखी दोघींना बेंचवर बसवून, संयोगिताबाईंना समोर उभं करून, दोरी वर-खाली करत ठरवली. बाईंनी हात वर केला की दोरी थांबवायची. पश्चिमेच्या खिडक्या बुजवताना तो कडेच्या विटा दातरे धरून, एक आत एक बाहेर अशा बसवत गेला, म्हणजे जोड उद्या तडकणार नाही. "ठिगाळ दिसलं तर माझं नाव बदला," म्हणाला. अजून दिसत नाही.

पावणे गेले त्या संध्याकाळी भिंत लिंटेलला आली होती. स्लॅब त्यांनी बघितला नाही. नील्सनं जायच्या आधी आकारामाचा ओळंबा मागून घेतला, नव्या भिंतीला लावला, एक डोळा मिटून बघितलं आणि बोटाच्या चिमटीनं केसभर फरक दाखवला. आकाराम तावातावानं भिंतीकडं धावला. फरक नव्हता. तोवर गाडीत जाऊन बसलेला नील्स पोट धरून हसत होता.

स्लॅब जूनच्या दोन तारखेला टाकला. इचलकरंजीची माणसं आली, आकारामाच्या गावातनं तीसेक जण आले, बसप्पानं मेव्हण्यांना आणलं. तोहिदनं त्या दिवशी मटण केलं.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी दोघं नवरा-बायको गिलावा बघायला म्हणून गेली. पहिल्या खोलीत बाईंचा वर्ग चालला होता. पोरं अर्ध्या गोलात. एक पोरगी उभी राहून हातांनी काहीतरी लांबलचक सांगत होती. पंखा थांबला, ट्यूब विझली. माळावरची लाईट गेली होती. आकारामानं पोरांकडं बघितलं. एकानंही वर बघितलं नव्हतं. ती पोरगी सांगतच होती आणि बाकीची तिच्याशी वाद घालत होती, सगळ्यांचे हात एकदम. आकारामानं स्नेहलला विचारलं, "काय चाललंय त्यांचं?"

"भांडत्यात. सहलीला पन्हाळ्याला जायचं का रंकाळ्याला."

"एवढ्यासाठी मी भिंत पाडली व्हय?" आकाराम म्हणाला, आणि चिमणाबाईनं त्याच्याकडं बघितलं तर गडी खूश होता.

गावात बातमी आधीच पोचलेली. डेअरीच्या रांगेत अमरसिंह पाटलानं ती सगळ्यांसमोर काढली. अमरसिंह गावातला बडा बागायतदार, जिभेला धार, आणि आकारामाचं ते वाक्य वीस वर्षं ऐकून कंटाळलेला.

"आकाराम, भिंत पाडली म्हणं तुझी."

रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली.

"व्हय," आकाराम म्हणाला. "बेचाळीस फूट."

"कुणी पाडाय लावली?"

"कुणी न्हाय. बांधली मी, चुकली माझी, पाडली बी मीच."

अमरसिंहाला एवढं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यानं आणखी एकदा डिवचून बघितलं. "मग आता पंगतीत काय सांगणार तू?"

"हेच सांगणार. तुला दुसरं काय ऐकायचं असंल तर तू सांग."

माणसं हसली. अमरसिंहही हसला, थोडा उशिरा. रांग पुढं सरकली. मापाशी आल्यावर तो आवाज खाली करून म्हणाला, "आमच्या मळ्यात बंगला काढायचाय दिवाळीनंतर. हॉलची खिडकी कुठल्या अंगाला घ्यावी? तू म्हणायचास, वारं पश्चिमेचं."

"तुझी आई दिवसभर कुठं बसती?" आकारामानं विचारलं.

"आई? ती कशाला?"

"घरात जास्त तीच असती न्हवं? सकाळी कुठं बसती, दुपारी कुठं सरकती, निवडाय-टिपाय कुठं घेती. ते सांग, मग खिडकीचं बघू."

अमरसिंह विचारात पडला. अंबूबाई त्याची आई, त्याच्याच घरात राहणारी, आणि ती दुपारी कुठं बसते ते त्याला सांगता येईना. "घरात इचारून सांगतो," म्हणाला.

"तिलाच इचार," आकाराम म्हणाला, आणि किटली मापाखाली धरली.